कागदावरची बकरी

‘मर्ग’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, लिहिणाऱ्याचा काना राहिला. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवल्यावर माणसाचं असंच होतं. समोर मढं असलं तरी त्याला आधी कागदावरचं ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. मी खिशातलं पेन काढून त्याचा ‘मार्ग’ करायला निघालो, तर बीटाचा जमादार माझा हात धरून म्हणाला, “राहू द्या, सर. थो शब्दच तसा हाय.” आमच्या वऱ्हाडात पोलिसांच्या बोलीत, ज्या मरणाचं कारण लगेच सांगता येत नाही, त्याला मर्ग म्हणतात. मर्ग दाखल होतो, त्याची चौकशी होते, आणि मग तो कपाटात जातो.

मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात मी निवृत्तीनंतर कायमचा पंच झालो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. सरकार दोघांतच भागवतं. त्यातला एक मी, कारण माझं अक्षर चांगलं, मी सदा घरी सापडतो आणि जमादाराला नाही म्हणायची मला हिंमत नाही. दुसरे मोटारी रिवायंडिंग करणारे चाचा, कारण त्यांचं दुकान स्टँडच्या अगदी तोंडाशी आणि त्यांना लपायला जागा नाही. आम्ही दोघांनी मिळून बरीच मरणं निस्तरली. पंचनाम्याच्या शेवटी पंचांना मत विचारतात. त्या मताचा साचा ठरलेला असतो आणि तो ‘असावा’नं संपतो. पाय घसरून पडला असावा. साप चावला असावा. मी मुलांना शिकवत असे की ‘आहे’ म्हणायला पुरावा लागतो आणि ‘असावा’ म्हणायला नुसती जीभ. हे सूत्र पुढे आपल्याच पोटापाण्याला लागेल असं वाटलं नव्हतं. आमच्या कागदपत्रांवर विश्वास ठेवला तर गावातल्या विहिरीत आजवर कोणीही उडी मारलेली नाही. सगळ्यांचे पाय घसरले.

ज्या मर्गाबद्दल सांगायचं आहे तो एका झिरो वायरमनचा. ही आमच्याकडची खास जात. खऱ्या वायरमनकडे वीज कंपनीनं इतकी गावं दिलेली असतात की तो एकाही गावात सापडत नाही. मग तो प्रत्येक गावात आपला एक माणूस धरतो. डीपीवर, म्हणजे खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरवर, चढणं, फ्यूज टाकणं, तुटलेली तार जोडणं, सगळं हाच माणूस करतो. कंपनीच्या दप्तरी त्याचं नाव नसतं, म्हणून तो झिरो. गावाला खरा वायरमन तोंडानं ठाऊक नसतो, पण झिरोचा नंबर प्रत्येकाच्या फोनात असतो. आमचा झिरो माझाच विद्यार्थी. पस्तिशीचा, लग्नाचं राहून गेलेला, घरी तो आणि त्याची आई. शाळेत शुद्धलेखनाच्या नावानं शंख, पण शाळेची बिघडलेली विजेची घंटा सातवीत असताना त्यानंच दुरुस्त केली होती. मी त्याला तेव्हा शाबासकी दिली नाही. घंटेत ऱ्हस्व-दीर्घ नसतात ना.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळपासून गावात लाइन नव्हती. सकाळी दहाच्या सुमारास कोतवाल मला बोलवायला आला. गावाबाहेरच्या डीपीपासून तीसेक पावलांवर बांधावर एक कडुलिंब आहे. त्या लिंबाच्या सावलीत तो निजल्यासारखा पडला होता. जमादार आलेला, चाचा आलेले, खरा वायरमनही आलेला. त्याला त्या दिवशी पुष्कळांनी पहिल्यांदाच पाहिलं.

काय झालं होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. वायरमननं फोनवर सांगितलं, लाइन बंद केली, चढ. लाइन बंद झाली खरी, पण शेजारच्या गावाची; आमच्या डीपीपर्यंत वीज येतच होती. डीपीवरून तो खाली पडला तेव्हा जवळच्या वावरातली माणसं धावली आणि त्याला उचलून लिंबाखाली आणलं, सावलीत पाणी पाजावं म्हणून. पाणी त्यानं घेतलं नाही. एवढं सगळं चांगल्या मनानंच झालं होतं. पण जमादार येईपर्यंत मध्ये तासभर गेला आणि तेवढ्या वेळात त्या सावलीला पालवी फुटली.

“सर, तुमचं अक्षर मोत्यावानी,” जमादार म्हणाला. “मी सांगतो, तुमी लिहा.”

मी मांडीवर पॅड घेऊन बसलो. अंगावरचे कपडे लिहिले. मग खिशातल्या वस्तू. तंबाखूची पुडी एक, मोबाइल एक, पक्कड एक, पिवळ्या मुठीची.

“पक्कड काऊन लिहिली, सर?”

“होती म्हणून.”

“बकरीसाठी पाला तोडाले गेलेल्या मानसाच्या खिशात पक्कड कायले राहीन?”

बकरी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. “कोणती बकरी?” मी विचारलं.

“त्याच्याच घरची. पाला तोडाले लिंबावर चढला, फांदी मोडली, खाली आला.” जमादार हे माझ्याकडे न पाहता, वायरमनकडे पाहून म्हणाला. वायरमन हात जोडून उभा होता. नुसता हुंदके देत होता. मला त्याची दया आली, हे खोटं नाही. “आता थे पक्कड खोडा,” जमादार म्हणाला.

“पंचनाम्यात खाडाखोड चालत नाही, हे तुम्हीच सांगता,” मी म्हणालो. खोडलं तर शेजारी दोघा पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि काय खोडलं हे खालून वाचता येतंच. जमादारानं थोडा विचार केला आणि पक्कड राहू दिली. पुढे गावात बोललं गेलं की मास्तरनं मोठ्या हुशारीनं ती पक्कड कागदात घुसवून ठेवली. मी ते नाकारलं नाही. खरं म्हणजे मला पान घाण झालेलं बघवत नाही, एवढंच.

मग हात आले. उजवा तळहात काळा पडला होता आणि मधली कातडी वळून गेली होती. चाचा वाकून बघत होते. “सर, हे करंट हाय,” ते म्हणाले. “मी रोज जळेल कॉइल पाह्यतो. मले काय सांगता?”

“मळेल हाय,” जमादार म्हणाला. “कामकरी मानसाचे हात मळतातच. लिहा सर, तळहात मळलेले.”

मी लिहिलं, तळहात मळलेले. शब्द शुद्ध होता. पुढे लिहिलं की मयत हा घरच्या बकरीकरिता पाला तोडण्यास लिंबाच्या झाडावर अंदाजे पंधरा फूट उंच चढला असता फांदी मोडून खाली पडून मयत झाला असावा, असे आम्हा पंचांचे मत आहे. चाचांचं शिक्षण उर्दूतलं. बोलतात वऱ्हाडी, पण मराठी लिखाण त्यांना पटकन वाचता येत नाही. सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं, “हाताचं लिहेल हाय ना, सर?”

“लिहिलंय, चाचा,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, हाताचं लिहिलेलं होतंच. त्यांनी माझ्या शब्दावर उर्दूत सही ठोकली, उजवीकडून डावीकडे. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

आता जे सांगायचं मी टाळत होतो ते सांगतो. त्या सकाळी त्याला फोन मी केला होता. टाकी रिकामी होती आणि मला आंघोळीआधी चहा लागतो. तो म्हणाला, “सर, वायरमननं लाइन बंद केली का नाही, थे पाहातो अन् मंग चढतो.” मी म्हणालो, “काय ते लवकर पाहा रे बाबा, घरात थेंब नाही पाण्याचा.” तो म्हणाला, “हाव सर, हा निघालोच.” कागदात डीपी आली असती तर पुढचा प्रश्न आला असता की त्याला डीपीवर चढायला सांगितलं कोणी. वायरमन त्या दिवशी रडत होता. मी रडलो नाही, पण बकरी आम्हा दोघांच्याही सोयीची होती. खाई त्याला खवखवे, म्हणतात. मला तर लिहितानाच खवखवत होतं.

शवविच्छेदनात डॉक्टरांनी मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा तपासणीला पाठवला. सरकारी काम, सहा महिने थांब. सहा महिन्यांनी उत्तर आलं की विष आढळून आलं नाही. विजेनं मेलेल्या माणसाच्या पोटात विष शोधून ते सापडलं नाही, याचं ठाण्यात सगळ्यांना समाधान वाटलं. दरम्यान कोणीतरी विचारलं होतं की असल्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात, त्यांना का कळवलं नाही. त्यावर उत्तर असं की प्रकरण झाडावरून पडल्याचं आहे, विद्युत निरीक्षकांचा संबंध येत नाही. मग विजेचा संशय का घेतला नाही? कारण विद्युत निरीक्षकांचा तसा अहवाल नाही. मी व्याकरण शिकवलं आहे, पण इतकं बिनचूक वाक्य मला कधी रचता आलं नाही.

एके दिवशी दुपारी त्याची आई माझ्या ओसरीवर आली. हातात पंचनाम्याची नक्कल होती. कुणाकडून तरी वाचून घेतलेली, घड्या घालून घालून मऊ झालेली. ती बसली नाही.

“सर, ह्याच्यात लिहेल हाय का तो बकरीसाठी पाला तोडाले झाडावर चढला.”

मी चष्मा शोधायला लागलो.

“तुमचंच अक्षर हाय म्हंतात. सर, आमच्या घरी बकरी कवा होती?”

मी काहीतरी पुटपुटलो. बहुधा, चौकशी सुरू आहे, असं म्हणालो.

“मले बाकी काई नाई पाह्यजे,” ती म्हणाली. “त्यानं पंधरा वर्सं गावाचे खांब चढले. मरन आलं तं खांबावर आलं. तेवढं तरी खरं लिहा ना. कागदात तुमी त्याले बकऱ्या राखनारा करून टाकला.” मग तिनं कनवटीला खोचलेला त्याचा मोबाइल काढला. पोलिसांनी तो तिला परत दिला होता. “ह्याच्यात त्या सकाळचा फोन तुमचा हाय, सर. मी कोनाले सांगतलं नाही.”

एवढं बोलून ती गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी त्या दिवशी जेवलो नाही, आणि बायकोनं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो.

तिनं बुलढाण्याला जाऊन लोकशाही दिनात अर्ज दिला. लोकशाहीसाठी आपल्याकडे महिन्यातला एक सोमवार राखून ठेवलेला आहे. अर्जात तिनं विजेचा शब्द काढला नाही. वीज तिनं पाहिली नव्हती. तिनं जे पक्कं माहीत होतं तेवढंच लिहून घेतलं: आमच्या घरी बकरी नाही व कधीही नव्हती. झालं, अर्ज बकरीचा आहे म्हटल्यावर चौकशी बकरीची लागली. तलाठ्याला पत्र गेलं, गुरांच्या दवाखान्याला पत्र गेलं. मयताच्या कुटुंबाकडे शेळी आहे अगर कसे, याबाबत स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा. माणूस कशानं मेला हे विचारायला जी यंत्रणा आठ महिन्यांत हलली नाही, ती बकरीसाठी आठवड्यात गावात आली.

पाहणीच्या दिवशी सकाळी म्हातारी उठून दार उघडते तो दाराशी एक बकरी बांधलेली. काळी, एका कानावर पांढरा ठिपका. ती कोणी बांधली हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी पाहिलं नव्हतं. म्हातारी पाहणीला आलेल्या साहेबांना ओरडून सांगत होती, “ही आमची नाई!” साहेबांनी शांतपणे विचारलं, “मग कोणाची?” जमलेल्या गर्दीतून कोणी बोलेना. बोलणार कोण? जो ‘माझी’ म्हणेल त्याला ती इथं कशी आली हेही सांगावं लागलं असतं. अहवालात लिहिलं गेलं की प्रत्यक्ष पाहणीत शेळी नग एक आढळून आली.

मग तहसीलमध्ये सुनावणी लागली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही कोर्टाची नव्हती म्हणून मी चढलो. आदल्या संध्याकाळी जमादार येऊन गेला होता. “सर, पंचनाम्यावर सही तुमची, अक्षर तुमचं. आता फिरलात तं खोटे तुमीच पडसान,” म्हणाला. मायेनंच म्हणाला.

आधी चाचांचा जबाब झाला. ते एकच वाक्य बोलले: “साहेब, हात जळेल होता, मी सरले सांगतलं, सर म्हनले लिहेल हाय.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मग माझी पाळी. मी सांगितलं की तळहात मळलेले नव्हते, भाजलेले होते. तो झाडाखाली नंतर आणलेला होता. आणि त्याला त्या सकाळी डीपीवर चढायची घाई मी केली होती, फोन माझा होता. शेवटचं वाक्य कारकुनानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मागच्या बाकावर त्याची आई बसली होती.

तहसीलदार साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग तेव्हा असं का लिहिलं?”

“सांगितलं तसं लिहिलं.”

“तुम्ही शिक्षक होतात ना?”

“हो. शुद्धलेखन शिकवायचो.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी पक्कडीबद्दलही विचारलं. झाडावर चढणाऱ्याकडे पक्कड कशी? वायरमनच्या बाजूनं उत्तर आलं की झाडाला कोणी खिळे ठोकलेले असतात, पाला तोडताना ते काढून टाकायला. हे कारकुनानं लिहून घेतलं. माझा जबाबही लिहून घेतला, फक्त सुरुवातीला तीन शब्द आपल्या पदरचे घातले: ‘वयोमानानुसार आठवते त्याप्रमाणे’.

अहवाल दुसऱ्या उन्हाळ्यात आला. मी तो म्हातारीच्या घरी जाऊन वाचून दाखवला. तेवढं माझ्याकडे लागत होतं. शेवटचा परिच्छेद असा होता की मयताचा मृत्यू उंचावरून पडून झाला असावा, तथापि सदर उंची झाडाची अथवा विद्युत खांबाची याबाबत पंचांचे म्हणणे परस्परविरोधी आहे. सबब प्रकरण विद्युत निरीक्षकांकडे अभिप्रायार्थ पाठवण्यात येत असून, कुटुंबाकडे सद्यःस्थितीत शेळी नग एक आहे.

“मंजे काय, सर?”

“उंचावरून पडला म्हणतात.”

“कायच्या उंचावरून?”

“ते लिहिलेलं नाही.”

तिनं दाराकडे पाहिलं. बकरी दाराशीच होती. मालकाला ती परत मागता येत नव्हती. सरकारी कागदावर ती आता म्हातारीची होती. म्हातारीलाही सोडता येत नव्हती, मुकं जनावर उपाशी कसं ठेवायचं? तिनं मुलगा दिला आणि सरकारनं तिच्या पदरात बकरी घातली, असं गावात लोक हसून म्हणतात. मला हसू येत नाही.

“सर,” ती शेवटी म्हणाली, “बकरीले पाला पाह्यजे. माह्याच्यानं आता होत नाई. तुमीच लिहेल हाय का आमच्या घरी पाला तोडाले मानूस हाय. तं तुमीच आनत जा.”

मी हो म्हणालो. निरीक्षकांचा अभिप्राय अजून आलेला नाही. मी रोज संध्याकाळी पाला नेऊन देतो. ती तो घेते आणि एक शब्द बोलत नाही.

पहिल्या दिवशी मी घरून लांब बांबूला आकडी बांधून निघालो होतो, या वयात चढणं काय जमणार म्हणून. त्या लिंबाखाली गेलो, जिथे मांडीवर पॅड घेऊन बसलो होतो तिथेच उभा राहिलो आणि वर पाहिलं. बांधाच्या बाजूनं फांद्या इतक्या खाली वाकलेल्या होत्या की पानं माझ्या डोक्याला लागत होती. झाडावर मोडलेली फांदी एकही नव्हती. आकडी मी बांधाला टेकवून ठेवली आणि उभ्या उभ्या, टाचाही न उचलता, हातानंच ओंजळभर पाला तोडला.